काल आलेले : एक

गुरांच्या दवाखान्यात मी एकतीस वर्षं पट्टीबंधक होतो. म्हणजे डॉक्टर सुई टोचायचे आणि मी बैलाची वेसण धरायचो, जखम धुवायचो, पट्टी बांधायचो. डॉक्टर दोन-तीन वर्षांत बदलून जायचे, मी मोताळ्यातच राहिलो. तालुक्यातल्या माणसांपेक्षा त्यांची ढोरंच मला जास्त ओळखत असावीत. शिंगंही त्यांनी बरीच मारली.

निवृत्त झालो आणि पुढच्याच वर्षी बायको गेली. मुलगा पुण्याला. दिवाळीला आला तेव्हा मी कुकरला “हो, हो, ऐकू आलं” म्हणताना त्याने पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, “बाबा, तुम्हाला जे येतं ते लिहून काढा, मी नेटवर टाकतो.” मी वही भरली. पोटफुगी, खुरकूत, व्याल्यावर वार न पडणं, तोंड आलेलं. डॉक्टर येईपर्यंत काय करावं आणि काय अजिबात करू नये. खाली माझा नंबर आणि एक ओळ : कधीही फोन करा. त्याच्या खाली मुलाने पान उघडणाऱ्यांचे दोन आकडे बसवले, ‘काल आलेले’ आणि ‘आज आलेले’.

आणि फोन यायला लागले. वडनेर भोलजीहून, कुठून कुठून, ज्या गावांची नावं मी ऐकलीही नव्हती तिथून. “हॅलो, ढोराचे डॉक्टर हाय काय?” मी डॉक्टर नाही हे आधी सांगायचो, ते कुणी ऐकायचं नाही. धामणगाव बढ्याच्या एका बाईने तर फोन सरळ म्हशीच्या बरगडीला लावला. “ऐका, कशी घुरघुर करून राह्यली!” मी ऐकलं. सर्दी होती. चार दिवसांनी तिचा पुन्हा फोन, म्हैस वैरण खाते म्हणून. ठेवताना म्हणाली, “तुमचं जेवन झालं काय हो?”

हे त्या सगळ्यांचंच होतं. ढोराचं बोलून झालं की जेवण विचारायचे. रीत म्हणूनच विचारत असतील. पण बायको गेल्यावर मला ते विचारणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि मी खरंच ‘हो’ म्हणता यावं म्हणून वेळेवर जेवायला लागलो होतो.

गेल्या दोनेक वर्षांत फोन कमी झाले. मग बंदच झाले. मी माझी समजूत घातली. लोकांनी जनावरं विकून ट्रॅक्टर घेतले, लसी सुधारल्या, वगैरे. पान तर जागच्या जागी होतं. रोज सकाळी चहासोबत मी मोबाईलवर ‘म्हैस फुगली’ टाकून बघायचो. दोन अक्षरं टाकली की माझं पान सगळ्यात वर. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, तसला हा उद्योग, पण त्याने दिवस सुरू व्हायचा.

‘काल आलेले’ हा आकडा पूर्वी चाळीस-पन्नास असायचा. तो घसरत घसरत एकवर आला आणि तिथेच थांबला. रोज एक. ना दोन, ना शून्य. मला त्या एकाचं मोठं कौतुक वाटायचं. रोज येतो म्हणजे त्याच्या गोठ्यात काहीतरी जुनं दुखणं असणार. भिडस्त असेल, फोन करायला लाजत असेल. त्याच्यासाठी मी जुनाट खोकल्यावर एक नवा भाग लिहिला आणि मुलाच्या मागे लागून चढवून घेतला. ‘संकोच करू नका’ असंही त्यात घातलं. आपण स्वतः रोज पान उघडतो ते मोजलं जात असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. घरच्या माणसाला पाहुण्यांत कोण मोजतं?

मागच्या हंगामात, सोयाबीन निघाल्यावर, बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर बसलो होतो. शेजारच्या शेतकऱ्याला घरून फोन आला. गायीने सोयाबीनच्या ढिगात तोंड घातलं होतं आणि पोट डफासारखं झालं होतं. त्याने लगेच मोबाईलवर शोधलं. दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये डोकावू नये हे मला कळतं, पण माझं पान कुणी उघडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

वर माझं पान नव्हतं. वर पावडरीचं पाकीट होतं, त्याखाली टॉनिकची बाटली, मग अजून दोन, सगळ्यांवर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’. त्याखाली एका चौकटीत तयार उत्तर. ‘गोडंतेल पाजताना घाई करू नये, जनावराला घोट घेऊ द्यावा.’ हे वाक्य माझं होतं. ‘घोट घेऊ द्यावा’ असं मीच म्हणतो, एकतीस वर्षं म्हणत आलो. आयत्या बिळावर नागोबा! पण त्याच्या पुढचं माझं वाक्य तिथे नव्हतं. जनावर आडवं पडलं असेल तर काहीही पाजू नका, तेल फुप्फुसात जातं. आणि नंबर तर नव्हताच.

“गाय बसेल हाय काय?” मी विचारलं.

“हाव, पडेलच हाय म्हनते.”

“मग तेल पाजू नका. आधी दवाखान्यात फोन लावा, डॉक्टरला बोलवा.”

“याच्यात त पाजा म्हनून लिहेल हाय.”

“ते मीच लिहिलंय,” मी म्हणालो, जरा चिडूनच.

त्याने माझ्याकडे, माझ्या भाजीच्या पिशवीकडे पाहिलं. “मंग तुमचं नाव कुठी हाय याच्यात, बाबाजी?”

मी त्याच्या हातातून मोबाईल घेतला आणि अंगठ्याने पान सरकवत गेलो. व्हिडिओ, दुकानांचे फोटो, लोक हेही विचारतात, पुन्हा पाकिटं. शेवटी कुठेतरी माझं पान सापडलं. त्याने मोबाईल परत घेतला.

“इतक्या खाली कोन जाते, बाबाजी? तठी ढोर फुगून राह्यलं.”

त्याचं बरोबर होतं. पण निघण्याआधी त्याने घरी फोन लावला, “पाजू नोको तिले काही,” म्हणाला, दवाखान्यालाही कळवलं, आणि गाडीला किक मारली. माझा नंबर घ्यायचं त्याला सुचलं नाही, द्यायचं मलाही सुचलं नाही. गाय वाचली की नाही, मला आजही माहीत नाही.

संध्याकाळी मुलाला फोन केला. तो म्हणाला, “बाबा, तुम्ही रोज तेच उघडता म्हणून तुमचा फोन तुम्हाला तेच वर दाखवतो. बाकीच्यांना आधी जाहिराती, मग तयार उत्तर. सर्च चालवणाऱ्यांनी मांडणीच बदललीय. खाली कोणी जात नाही आता. पैसे भरले तर तुम्हालाही वर घेतील.”

“मी काही विकत नाही,” मी म्हणालो.

“मग राहू द्या,” तो म्हणाला. “ठेवू?”

त्या ‘एका’बद्दल विचारायचं ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी मी पान उघडलं नाही. चहा घेतला, अंगण झाडलं, मोबाईल धान्याच्या कोठीवर उपडा ठेवला. दिवसभर वाटत राहिलं की तो भिडस्त माणूस येईल, मी नसलो तरी येईल, त्याचं जनावर आजारी आहे. जेवायचं राहून गेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोन अक्षरं टाकली. पान वर आलं. मी ते उघडलं आणि थेट तळाशी गेलो.

काल आलेले : ०.

आज आलेले : १.