वांग्याच्या बिया

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. चाळीस वर्षं तिनं माझ्याशी संसार केला आणि तिला वाटायचं, मला वांगं बाधतं म्हणून मी खात नाही. आज तुम्हाला सांगायला बसलोय खरा, पण आधी इकडचं तिकडचं बोलणार, हे मला ठाऊक आहे. तेवढं सोसा.

मी कंपाउंडर होतो. बारामतीत, एका डॉक्टरांच्या खाजगी दवाखान्यात. एकोणीसशे पस्तीसच्या आसपासची गोष्ट. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे अंगणात लिंबाचं झाड. महिन्यातून एकदा पुण्याचे सर्जन यायचे, दौंडला गाडी बदलून. त्या दिवशी खेड्यापाड्यांतून बैलगाड्या यायच्या आणि रोग्यांची माणसं लिंबाखाली तीन दगड मांडून चूल पेटवायची. दवाखान्यात वीज नव्हती. खिडकीतून ऊन आत आहे तोवर ऑपरेशन उरकायचं, असा सगळा कारभार.

क्लोरोफॉर्म द्यायचं काम माझं. रोग्याच्या तोंडावर तारेची जाळी, जाळीवर कापड आणि कापडावर थेंब थेंब औषध. एक हात बाटलीवर, दुसरा रोग्याच्या हनुवटीखाली आणि कान त्याच्या श्वासाकडे. माझा हात चांगला होता. खोटं कशाला बोलू? — नाही, हे वाक्य माझ्या तोंडी शोभत नाही.

आणि मी खादाड होतो. हेही सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. लिंबाखाली चूल पेटली की मी काही ना काही निमित्त काढून तिकडे फिरकायचो. लोक भोळे. कंपाउंडरला जेवू घातलं की आपल्या माणसाकडे नीट लक्ष देईल, असं त्यांना वाटायचं. मी ते वाटू द्यायचो.

त्या महिन्यात शेळगावचा ज्ञानबा आला होता. वय तिशीच्या आतबाहेर. पाटाच्या पाण्यावर वांगी, मिरच्या पिकवायचा. आतडं जांघेत उतरून अंतर्गळ झालेला, ओझं उचलवेना. बरोबर बायको गोदाबाई आणि तिच्या कडेवर दीड वर्षाची मुलगी. आदल्या दिवशीच मी त्याला बजावलं होतं, उद्या पोटात पाण्याचा थेंब जायला नको. का, तेही सांगितलं. गुंगीत उलटी झाली तर ती घशातून खाली छातीत उतरते आणि फुफ्फुस सडतं. म्हणजे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा. मला सगळं माहीत होतं.

सकाळची गाडी आली, सर्जन आले नाहीत. दौंडला गाडी चुकली असावी. डॉक्टर म्हणाले, दुपारपर्यंत वाट बघू, तोवर कुणाला काही देऊ नका. आणि ते घरी जेवायला गेले. मी मनाशी ठरवून टाकलं की आज काही सर्जन येत नाहीत. कशावरून? भूक लागली होती, यावरून.

गोदाबाईनं मला बोलावलं. ज्वारीच्या भाकरी, चुलीत भाजलेल्या वांग्याचं भरीत, वर कच्चं तेल, शेंगदाण्याची चटणी. मी घोंगडीवर बसलो. समोर ज्ञानबा हात बांधून बसलेला, तोंडभर हसत. आता आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. पाहुण्यानं जेवावं आणि घरधन्यानं नुसतं बघत बसावं, हे बरं दिसत नाही. पाहुण्याच्याही घशाखाली घास उतरत नाही. मी दोन घास खाल्ले आणि म्हणालो, "ज्ञानबा, या, बसा माझ्याबरोबर. अर्धी भाकरी घ्या. आज काही ऑपरेशन होत नाही."

तो घुटमळला. गोदाबाई म्हणाली, "पर डाक्टरसायेब न्हाय म्हनलं व्हतं."

"मी सांगतोय ना," मी म्हणालो.

ते तीन शब्द. एवढ्या वर्षांत मी ते कितीदा गिळायला बघितले!

मी हात धुवायला आडावर गेलो. मागे तिनं त्याला आणखी एक भाकरी वाढली, भरीत घालून. कालपासून उपाशी माणूस, बायको वाढणारच.

तासाभरात दारात मोटार उभी राहिली. सर्जन कुणाची तरी मोटार मागून आले होते. अंगावर धूळ, चेहरा त्रासलेला. म्हणाले, ऊन आहे तोवर पहिला रोगी घ्या. डॉक्टरही घरून आले. खोलीत ज्ञानबाला आडवा केला. तो माझ्याकडे बघत होता. त्यालाही आठवत होतं, पण कंपाउंडरच गप्प आहे म्हणजे चालत असेल, असं त्याला वाटलं असणार. सर्जननी हात धुता धुता विचारलं, सकाळपासून पोटात काही नाही ना?

मी म्हणालो, "नाही, साहेब."

काय झालं असतं खरं बोललो असतो तर? शिव्या बसल्या असत्या. फार तर नोकरी गेली असती. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं असतं. एक दिवस थांबायचं होतं, बस.

ऑपरेशन निम्मं झालं असेल, तोच ज्ञानबाच्या घशात गुरगुरलं. मी मान कुशीला वळवली, बोटाला कापूस गुंडाळून तोंडातून काढता येईल तेवढं काढलं. ओठ निळे पडले, श्वास थांबला. आमचे डॉक्टर आणि मी — त्याचे दोन्ही हात धरून डोक्यामागे न्यायचे, परत आणून बरगड्यांवर दाबायचे, परत न्यायचे. त्या काळी दुसऱ्याच्या छातीत हवा भरायची तेवढीच युक्ती आम्हाला येत होती. शेवटी त्यानं एक मोठा श्वास घेतला. सर्जननी रोग्याच्या कमरेवर लावलेल्या आडव्या पडद्यापलीकडून विचारलं, काय आलं? मी माझ्या हातातल्या बोळ्याकडे बघितलं. त्यावर वांग्याच्या बिया होत्या.

"नुसतं पित्त, साहेब," मी म्हणालो आणि तो बोळा बादलीत, इतर बोळ्यांच्या खाली दाबला.

तिसऱ्या दिवशी ताप चढला. छातीत घरघर, खोकल्यातून घाण वास. आम्ही अळशीचं पोटीस बांधलं, उशा लावून बसवलं. बाकी औषध तेव्हा होतं कुठं? डॉक्टर म्हणाले, क्लोरोफॉर्मनंतर कधी कधी छाती भरते, कुणाचा इलाज चालत नाही. मी मान डोलावली. सातव्या दिवशी पहाटे ज्ञानबा गेला.

इथवर भित्रेपणा झाला. भित्री माणसं जगात पुष्कळ आहेत. माझं खरं पाप याच्या पुढचं आहे.

गाडी जुंपायच्या आधी गोदाबाई माझ्याकडे आली. डोळे कोरडे. म्हणाली, "तुमी अर्धीच म्हनला व्हता. म्या आनकी एक वाढली. ह्या हातानं. त्येनंच झालं का वो?"

मला सांगता आलं असतं — बाई, अर्धी काय नि दीड काय, एक घासही पुरला असता; तो घास मी द्यायला लावला आणि वर खोटं बोललो. ती वाट बघत होती. आणि मी काय म्हणालो?

"जाऊ द्या आता. मी कुणाला सांगणार नाही."

तिनं माझ्यापुढे हात जोडले.

त्यानंतर तीस वर्षं, मी नोकरी सोडेपर्यंत, गुरुवारच्या बाजाराला आली की ती दवाखान्यात यायची. मिरच्या, गवार, काकड्या, आणि वांगी तर असायचीच. पैशाचं नाव काढू द्यायची नाही. मुलीला तिनं एकटीनं वाढवलं, दुसरा पाट लावला नाही. मी एकदा विचारलं, का नाही? म्हणाली, "माज्या हाताला येश न्हाय." पंगतीत वाढायलाही ती कधी उभी राहत नसे. हे मला ठाऊक होतं, आणि मी दर गुरुवारी तिच्या हातची भाजी घेत होतो. वांगी शेजारी देऊन टाकायचो. बाकीचं खायचो.

गेल्या महिन्यात गोदाबाई गेली. दिवस झाल्यावर तिची मुलगी माझ्या दारात आली. तीच, कडेवरची. आता तिचेही केस पिकू लागलेत. हातात पाटी, पाटीत वांगी. म्हणाली, "आईनं जाताना समदं सांगितलं. तुमी तिची लाज राखली. कुटं बोलला न्हाईत. न्हायतर भावकीनं तिला जगू दिलं नसतं."

असं म्हणून ती वाकली. मी खुर्चीत बसलो होतो. पाय मागे घ्यायला कितीसा वेळ लागतो?

मी ते घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "सुखी राहा."