चुन्याचे सांधे

अमेरिकेतल्या नोव्हायला आमची मराठी शाळा दर रविवारी एका चर्चच्या हॉलमध्ये भरते. इंग्लंडहून इथे आलेल्या लोकांनी आपल्या गावच्या चर्चसारखंच हे बांधलं: चौकोनी मनोरा, उलट्या होडीसारखं लाकडी छत आणि दक्षिणेच्या दाराशी दगडी पडवी. इंग्लंडच्या खेड्यांत म्हणे पूर्वी अशा पडवीतच लग्नं लागायची, व्यवहार ठरायचे, कधी पोरांची शाळाही भरायची. हे मला चर्चची देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं. आमची मुलं त्यांना काकू म्हणतात. लग्नाच्या दिवशी त्या याच पडवीतून आत गेल्या होत्या.

मागच्या वर्षी काकू रडवेल्या होऊन म्हणाल्या, "ही पडवी पाडायचं चाललंय." दगडांचे पापुद्रे सुटत होते. दगडच कुजलाय, असं कुणी तज्ज्ञ कमिटीला सांगून गेला होता.

मी दिवसभर गाड्यांचे ब्रेक तपासते. चर्चशी माझा संबंध काय? पण नाक खुपसल्याशिवाय मला राहवत नाही. मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबा साताऱ्याकडचे गवंडी, चुन्यात काम करणारे. सिमेंट आलं आणि त्यांच्या कामाला कुणी विचारेनासं झालं. इंजिनिअर झाल्यावर मीही त्यांना "आता चुना कोण वापरतं?" असं ऐकवलं होतं. ते मला अजून टोचतं.

"पाऊस पडून गेला की बघ," बाबा म्हणाले. "ओल दगडात राहते का सांध्यात?"

पुढच्या पावसानंतर मी ऑफिसातून थेट तिकडे गेले. सांधे ठणठणीत कोरडे, दगड मात्र ओलेगच्च.

हे कळवताच बाबा म्हणाले, "मग दगडाला कशाला नावं ठेवता? कुणीतरी सांध्यात सिमेंट भरलंय. चुन्यातून पाणी बाहेर येतं, सिमेंटमधून त्याला वाट नाही. थंडीत ते दगडातच गोठतं आणि त्याला फोडतं. सांधा झिजला तर परत भरता येतो गं, दगड कुठून आणशील?"

कमिटीपुढे मी हे तावातावाने मांडलं. सगळे माझ्याकडे संशयाने बघत राहिले. शेवटी काकूंनी हट्टच धरला, तेव्हा कुठे परवानगी मिळाली: एक कोपरा, एक हिवाळा. नाही जमलं तर पडवी पाडायची.

उन्हाळ्यात काकूंनी आणि मी छिन्नीने त्या कोपऱ्यातलं सिमेंट कोरून काढलं आणि सांध्यांत चुना भरायला घेतला. बादलीला टेकवलेल्या फोनमधून बाबा ओरडत होते, "अगं, घट्ट कालव! धिरडी घालायचीत का?" काकूंना शब्द कळत नव्हता, पण ओरडा बरोबर कळायचा. भरलेल्या सांध्यांवर आम्ही ओलं गोणपाट लावलं आणि काकूंनी ते रोज न चुकता भिजवलं.

हिवाळाभर माझा जीव टांगणीला लागला होता. एप्रिलमध्ये दोन दिवस पाऊस झाला आणि रविवारी सकाळी सगळी कमिटी पडवीपाशी जमली. बाकीच्या भिंतीचे दगड ओले होते, खाली नवे पापुद्रे पडले होते. आमच्या कोपऱ्यात सांधे ओलसर, गडद, आणि दगड कोरडे! अध्यक्षांनी दगडावर हात फिरवला, आपला तळवा पाहिला, परत फिरवला. मग म्हणाले, "पडवी राहणार."

काकूंनी मला मिठी मारली. मी "जिंकलो!" म्हणून असं किंचाळले की शाळेची मुलं धावत बाहेर आली. इतका आनंद मला माझ्या पदवीचाही झाला नव्हता.

अध्यक्षांनी चर्चच्या दुरुस्त्यांची वही आणली. "सल्लागार तज्ज्ञ कोण? त्यांची पदवी काय लिहू?"

बाबा चौथी पास. मी अध्यक्षांच्या हातातून पेन घेतलं आणि बाबांच्या नावापुढे देवनागरीत लिहिलं: गवंडी.

ते पान मी फोनवर बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला. तो एक शब्द दोनदा मोठ्याने वाचला. मग म्हणाले, "उरलेल्या भिंतीचं काम कधी काढायचं?"