मेंढरांचा आकडा

पडद्यावर माझ्या बापाचा फोटो होता. डोक्याला रुमाल, हातात लोकर कातरायची कातर, उन्हानं बारीक झालेले डोळे. फोटोखाली इंग्रजीत एक ओळ होती. मराठीत तिचा अर्थ असा: उद्योजक निरक्षर असून त्याला स्वतःकडील मालाची संख्या माहीत नाही.

"शंभराच्या पुढं गाडी जात नसेल," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

वर्ग हसला. सरही हसले आणि मग हसू दाबत म्हणाले, "चला, शांत."

मीही हसले.

एवढं एक वाक्य लिहायला मला दोन महिने लागले. बाकीचं सगळं मी मैत्रिणीला सांगितलं होतं, हे नाही. मला कुणी हस म्हणालं नव्हतं. सगळे हसत होते आणि माझे ओठ आपोआप ताणले गेले. मी लॅपटॉपजवळ उभी होते. स्लाईड पुढं सरकवायचं काम माझ्याकडं होतं, बोलायचं काम बाकीच्यांकडं. म्हणजे तो फोटो पडद्यावर आणणारं बटणही मीच दाबलं होतं.

मी हिंगोलीतल्या एका कॉलेजात बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नरसीच्या बाजूला कयाधूकाठी आमचं गाव. आम्ही धनगर. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. गेल्या वर्षी मामांनी माझ्यासाठी स्थळ आणलं होतं. आबा, म्हणजे माझे वडील, त्यांना म्हणाले, "पास होऊन राहिली तवर शिकंल ती." घरात हा शब्द ठरलेला आहे. पास होतेय तोवर. एक विषय राहिला की मामा येणार.

यंदा आम्हाला फील्ड प्रोजेक्ट होता. पुस्तक मिटायचं, बाहेर जायचं, एखादा चालू धंदा स्वतःच्या हातानं करून बघायचा. मग त्याचा अहवाल लिहून बाहेरच्या परीक्षकापुढं मांडायचा. हे ऐकून मला फार बरं वाटलं होतं. वर्गात मी मागं पडते. सर इंग्रजीत भराभर बोलायला लागले की एक शब्द समजेपर्यंत तीन निसटतात. पण हातानं करायचं म्हटल्यावर वाटलं, इथं तरी जमेल. हात चालतात माझे.

आमच्या गटात पाच जण. गटप्रमुख श्रेयस. त्याच्या पप्पांचं शहरात बी-बियाणं आणि खताचं मोठं दुकान आहे. बाकीचे तिघं त्याचेच मित्र. सरांनी मला त्यांच्यात घातलं आणि विचारलं, "तुझ्या गावाकडं काही बिझनेस आहे का गं?"

मी म्हणाले, "मेंढरं आहेत सर. आमचीच."

"वा. काहीतरी वेगळं होईल."

ते कातरणीचे दिवस होते. आमच्या घरी सर आणि गट येणार म्हणून मायनं अंगण सारवलं. मी वहीची दोन पानं भरून प्रश्न लिहिले होते. कुणाच्या रानात मेंढरं बसवायची हे आबा कसं ठरवतात? खतासाठी शेतकरी आधी बोलावतो की आबा आधी विचारतात? कोणती मेंढी ठेवायची, कोणती विकायची? एकोणीस वर्षं मी त्या घरात राहिले आणि यातलं एकही आबांना विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारणार होते. विद्यार्थिनी म्हणून, वही घेऊन, त्यांच्यासमोर बसून.

सर गाडीतून उतरले. माझ्या हातातली वही बघून म्हणाले, "तू तर घरचीच. तुला यातलं काय शिकायचंय? तू चहाचं बघ. आणि यांना मेंढरू धरून दे."

मी वही चुलीजवळच्या फळीवर ठेवली.

मेंढी आडवी पाडून मी तिचे पाय धरले. श्रेयसनं कातर घेतली. आबांनी एकदा करून दाखवलं, कातर कातड्याला टेकून, सपाट, हळू. श्रेयसनं टोक खाली दाबलं. मेंढी ओरडली. पोटाजवळ कातडं फाटलं आणि रक्त माझ्या बोटांवर आलं.

"हळू बाप्पा, जीव हाय तो," आबा म्हणाले.

"असू द्या काका," सर म्हणाले, "शिकताना होतंच."

आबांनी घरातून हळद आणून जखमेत भरली. तोवर चौघांनी आळीपाळीनं कातर हातात घेऊन फोटो काढले. अहवालात तो फोटो आहे. त्यात माझे दोन हात आहेत, मेंढीच्या पायांवर. मनगटाच्या वर मी नाही.

मग श्रेयसनं प्रश्नावली काढली. "काका, टोटल मेंढ्या किती?"

"हायेत की. देवाच्या किरपेनं वाडा भरलेला हाय."

"तसं नाही हो. आकडा सांगा."

"आकडा काय करता? तुमच्या नजरंसमोरच हायेत."

श्रेयसनं सरांकडं पाहिलं. सरांनी मान हलवली. त्यानं काहीतरी लिहून घेतलं. आबांनी माझ्याकडं बघितलं.

मी किटली उचलून आत गेले.

आठ दिवसांनी वर्गात सराव होता. तेव्हा ती स्लाईड लागली आणि मी हसले. आमच्या आधी दुसऱ्या एका गटानं श्रेयसच्या पप्पांच्या दुकानाचा अहवाल मांडला होता. त्यावर सर दहा मिनिटं बोलले. ते मी वहीत उतरवून घेतलं होतं, नेहमीसारखं, नीट, समासासकट. तेव्हा माझ्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा मेंढरं परतत होती. आमचा वाडा म्हणजे जाळीचं कुंपण आणि आत जायला एकच अरुंद तोंड. आबा त्या तोंडाशी उभे राहतात. मेंढरं एकेक करून आत जातात आणि आबांचा हात प्रत्येकीच्या पाठीवरून सरकतो. तोंडातून शब्द नाही. हे मी लहानपणापासून बघत आले, पण बघत नव्हते.

शेवटची मेंढी आत गेली. आबा हात तसाच ठेवून थांबले.

"कानफाटी न्हाई आली."

माय काठी घेऊन ओढ्याकडं गेली आणि तिला घेऊन आली. फाटक्या कानाची ती मेंढी लिंबाखाली बसून राहिली होती. श्रेयसची कातर तिलाच लागली होती. जखम अजून ओली होती. आबा तिच्या पोटावरच्या माशा हाकत खाली बसले. मी त्यांच्याजवळ गेले.

"आबा, त्यायनं विचारलं तवा आकडा काहून न्हाई सांगितला?"

"जितराबाचा आकडा तोंडानं काढू न्हाई, बाई. माझ्या बापानं न्हाई काढला. लेकरं मोजून दाखवतं का कोनी?"

"त्यायनं लिहिलं, तुमाला ठावंच न्हाई म्हनून."

आबा जखमेकडं बघत राहिले. "त्यायला काय कळंल? परके लोकं ते." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू व्हतीस की तिथं."

एवढंच. आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी परीक्षक येणार होते. सकाळच्या एसटीत बसायला जागा नव्हती. दांडीला एक हात अडकवून मी दुसऱ्या हातानं वही चाळत होते. मन एका जागी ठरत नव्हतं. कालच्या पानावर नजर गेली. माझंच अक्षर. दुकानदारानं गोदामातल्या मालाचा आकडा सांगण्यास नकार दिला. त्याखाली सरांचं वाक्य, मी दोनदा अधोरेखित केलेलं: याला व्यावसायिक गोपनीयता म्हणतात, चांगला व्यापारी आपला साठा कधीच उघड करत नाही.

मी पान परत वाचलं. बस नाक्यावर थांबली, लोक उतरले, माझ्यासमोरची जागा रिकामी झाली. मी बसले नाही.

प्रश्न एकच होता. दोघांनीही उत्तर दिलं नाही. श्रेयसच्या पप्पांचं ते चातुर्य झालं. माझ्या बापाचं अडाणीपण झालं. आणि फरक सांगू शकणारी एकटी मी होते, तर मी किटली घेऊन आत गेले होते.

कॉलेजात श्रेयस बाइंडिंग केलेला अहवाल घेऊन उभा होता. चौघांच्या सह्या झाल्या होत्या. मी पानं उलटली. सहभागी विद्यार्थी या मथळ्याखाली चार नावं. माझं नाव आभाराच्या पानावर, स्थानिक सहकार्य म्हणून. तरी शेवटच्या पानावर माझी सही हवी होती.

"ती ओळ बदल," मी म्हणाले. "आणि माझं नाव तुमच्यात घे."

"नाव घेऊ यार, पेनानं लिहू. पण ओळीत खोटं काय आहे? सांगितला का त्यांनी आकडा?"

"तुझ्या पप्पांनी सांगितला का?"

"ते वेगळं आहे."

"काय वेगळं आहे?"

तो सरांना घेऊन आला. सर चिडले नव्हते. ते समजावत होते, आणि तेच मला जास्त लागत होतं.

"अगं, इतकं मनाला काय लावून घेतेस? मागासलेला धंदा दाखवला की सुधारणा सुचवता येतात. मार्क त्यावरच असतात. कर सही."

"सर, मी नाही करणार."

माझा आवाज फाटला होता. मी हात ओढणीत लपवले.

"सही नसेल तर तुझं मूल्यांकन होणार नाही. विषय राहील. विचार कर."

मी विचार केला. मामा डोळ्यांसमोर आले. आबांचा शब्द आठवला, पास होऊन राहिली तवर. ज्या माणसासाठी मी सही नाकारत होते, त्यानंच ही अट घालून मला शिकायला मिळवून दिलं होतं. कुणाकडं बघावं कळेना. मी सही केली नाही.

परीक्षकांनी मला आत बोलावलं. वयस्कर, थकलेले गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ओळीवर बोट ठेवलं.

"सोपं आहे हे. तुम्ही घरच्याच आहात. आकडा तुम्हाला माहीत असेल ना?"

"हो सर."

माहीत होता. चौथीत असताना, पाढे पाठ झाल्याच्या खुशीत, मी मेंढरं चोरून मोजली होती. तेव्हापासून वाड्यात कुणी जन्मलं, कुणी गेलं, की आकडा मनातल्या मनात बदलत आले आहे.

"मग सांगा. आत्ताच्या आत्ता ओळ दुरुस्त करू. तुम्ही सही करा. विषय संपला."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. सर माझ्याकडं आशेनं बघत होते. एक आकडा. तीन अंक. तेवढ्यानं माझं वर्ष वाचत होतं.

"सांगणार नाही, सर."

"का?"

"आमच्यात सांगत नाहीत. दुकानदारानं सांगितला नाही तेव्हा त्यांच्या अहवालात जे लिहिलं, तेच आमच्या अहवालात लिहा."

परीक्षकांनी सरांकडं पाहिलं. सर खिडकीकडं बघू लागले. परीक्षकांनी घड्याळ बघितलं, माझ्या नावापुढं काहीतरी लिहिलं आणि पुढच्या गटाला बोलावलं.

निकाल लागला. माझ्यापुढं अपूर्ण असं आलं. बाकी चौघं पास झाले.

घरी सांगितलं तेव्हा माय पदरानं तोंड पुसत म्हणाली, "आता तुझा मामा येईल."

आबांनी विचारलं, "कशात राहिली?"

"मेंढरांत."

ते उठून वाड्याकडं गेले. मला बरं वाटलं असेल, अभिमान वाटला असेल, असं कुणी समजू नये. रडू येत होतं. अजूनही येतं.

मामा येत्या आठवड्यात येणार आहेत. त्यांच्याशी आबांनी बोलायचं नाही, मी बोलणार. मी नापास झालेली नाही, अडवलेली आहे, हे त्यांना समजेल अशा भाषेत सांगणार. नाही समजलं तरी कॉलेज सोडणार नाही.

पुढच्या सत्रात प्रोजेक्ट परत करायचा आहे. एकटीनं करण्याचा अर्ज दिला आहे. वाडा हाच. कातर माझ्या हातात असेल आणि वहीही माझ्याच. फळीवरची ती दोन पानं मी परत काढली आहेत. सर गाडीतून उतरले तर त्यांनाही चहा मिळेल, पण तो करायला मी उठणार नाही.

एकूण संख्येच्या रकान्यात मी लिहिणार आहे, व्यावसायिक गोपनीयता. आणि शेवटच्या पानावर सही. पूर्ण नावाची. मधे आबांचं नाव येतं, ते यापुढे एका अक्षरात उरकणार नाही.