चकतीचा फोन

ऑटिझमच्या तपासणीत डॉक्टरबाईंनी माझ्या सोनूपुढे खेळण्यातला, गोल चकतीचा फोन ठेवला. कानाला न लावता तो चकतीच फिरवत बसला. बाईंनी कागदावर खूण केली. मला संशय आला. माझ्या पोरानं असला फोन पाहिलाय कुठं? असल्या खुणांवरून ऑटिझमची मुलं मोजत असतील, तर त्यात उगाच किती चांगली पोरं धरली गेली असतील?

मी आठवीत शाळा सोडलेली, तरी धीर करून म्हटलं, "बाई, आमच्या घरी चपटा फोन असतो."

"बरं झालं सांगितलंत, ताई. मग तोच द्या."

केवढे उपकार वाटले! मी लांब गावाकडं आईला व्हिडिओ कॉल लावला.

"सोन्या, बोल की आजीशी!"

सोनूनं फोन फरशीवर ठेवून भिंगरीसारखा फिरवला. आता कुणाचा संशय घेऊ? आईचा चेहरा गोल गोल फिरत होता, आणि ती अजून हाका मारत होती.