लिंबावरची दोन गाठोडी

खूर असलेलं, चार पायांवर चालणारं जनावर पाण्यात उतरून देवमासा कसं झालं, या एका प्रश्नापायी नीलांबरीने कच्छच्या उन्हात केस पांढरे केले. हिंगोलीत तिच्या वडिलांचं, सूर्यकांतमहाराजांचं, त्यावरचं मत थोडक्यात होतं: "पुजाऱ्याची पोरगी हाडं उकरून राहिली." तिच्या निबंधाला परदेशात मान मिळाल्याचं कळलं, तेव्हा त्यांनी पुन्हा आंघोळ केली.

निवृत्तीनंतर ती माहेरी आली ती शेवटचं काम घेऊन. कच्छमध्ये सापडलेलं कानाचं एक हाड देवमाशाच्या पूर्वजाचं आहे हे सिद्ध करायचं, तर शेजारी मेंढ्यांच्या कानांची हाडं मांडायला हवीत. जवळच्या साखरा गावच्या नामाजी धनगराकडून तिने मेलेल्या मेंढ्यांची डोकी आणली, उन्हाळाभर खपून हाडं साफ केली आणि वडिलांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात बांधली.

मग वडीलच गेले.

"ताई, सुतकात घरात हाडं नकोत," धाकटा भाऊ चिन्मय म्हणाला. देऊळ आता त्याच्याकडे होतं.

"सुतक आहेच की. आणखी काय बाटायचंय?"

त्याने गाठोडं उचलून घरामागच्या कडुलिंबाला टांगलं. तिसऱ्या दिवशी वडिलांच्या अस्थी आल्या. रिवाजाप्रमाणे त्याही घरात न येता त्याच लिंबाला लटकल्या, त्याच धोतराच्या दुसऱ्या फडक्यात.

पुढे एका पहाटे चिन्मय नांदेडला गेला, गोदावरीत अस्थी सोडल्या आणि मागे वळून न पाहता परतला.

"बाबांना गती मिळाली," त्याने जाहीर केलं.

नीलांबरीने उरलेलं गाठोडं सोडलं. वरच माणसाची दाढ होती.

"बाबा इथंच आहेत. गती मिळाली ती मेंढ्यांना. मंत्रासकट."

खुरांची जनावरं पाण्यात कशी गेली, याचं इतकं सोपं उत्तर तिला आयुष्यभरात सापडलं नव्हतं.

"तू मुद्दाम केलंस!"

"टांगलं कुणी?"

"दे इकडं."

तिने गाठ मारली, गाठोडं कपाटात ठेवलं, किल्ली कमरेला खोचली. "माझी हाडं आण, मग बाबांना ने."

"मेलेल्या बापाला ओलीस धरून राहिलीस? काहून, ताई?"

"जिवंतपणी माझ्याजवळ घटकाभर बसले न्हाईत. आता बसू दे."

हिंगोलीत ओळखीचे फार, म्हणून चिन्मय जिल्ह्यातल्याच गोरेगावच्या बाजारात गेला. मटणवाला दचकलाच. "महाराज, तुमी? मुंडी भाजून देऊ का?"

"न्हाई," उपरणं तोंडावर ओढत चिन्मय म्हणाला. "फक्त कानापाशी घाव घालू नका."