ताईच्या गोष्टीला हुंकार

मोसंबीच्या सालीचा वास आला की शहागडचं, गंगेकाठचं (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) आमचं अंगण आठवतं. डाउन सिंड्रोम असलेल्या माझ्या ताईला 'गोष्ट सांगता येत नाही', असं तिची भाषा तपासणाऱ्या बाईंनी त्याच सकाळी लिहून दिलं होतं. संध्याकाळी आबा मोसंबी सोलत होते.

"टरक थकला. गंगेत पाय सोडून बसला," पुलावरचे ट्रक बघत ताई म्हणाली.

"हूं. मंग?" आबा म्हणाले.

"घरी न्हाई जात म्हणला."

"काहून गं?"

"घरी वरडतेत."

आबांच्या हातातली फोड हातातच राहिली. माझ्या बक्षीस मिळालेल्या भाषणाला हेच आबा पेंगले होते! मी जळफळले.

'हूं' न म्हणता गोष्ट तपासताच कशी, असं आज मी अपंगांच्या हक्कांच्या पत्रकांत ठणकावून विचारते. सभेत टाळ्याही पडतात. तरी ताईवर जळतेच. मला अजून कुणी "मंग?" म्हटलेलं नाही.