बंद घराची हरकत

मी हरकत घेतली नाही. शेजारच्या बंद घरानं ती घेतलीय, अशी माझी समजूत झाली होती.

आमची गल्ली डोंगराच्या पायथ्याशी, विद्यापीठाच्या कुंपणाला लागून. शहराच्या नकाशात ती पिवळी होती, म्हणजे राहत्या घरांची. विद्यापीठाला वाढायचं होतं, म्हणून आमची पट्टी पिवळ्यातून काढून त्यांच्या रंगात घालायचं सरकारच्या मनात आलं. घरं लगेच पडणार नव्हती. पण रंग बदलला की नव्या बांधकामाला परवानगी नाही. आणि आमच्या गच्चीवर तर बायकोच्या वरच्या खोलीसाठी सोडलेल्या सळया उभ्या होत्या. त्या गंजू नयेत म्हणून तिनं त्यांवर रिकाम्या बाटल्या उपड्या घातलेल्या. डोंगराकडून वारं आलं की बाटल्या किणकिणायच्या.

ज्यांना हरकत घ्यायची त्यांनी मुदतीत लेखी द्यावी, असा कागद चौकात लागला. बायको रोज विचारायची, "दिली का हरकत?"

"लिहितोय."

मी शाळेत मराठीचा मास्तर. 'सविनय' घालावं की 'नम्रपणे', इथंच माझं घोडं अडलेलं.

अशात एका संध्याकाळी एक घर सोडून राहणाऱ्या खाला गल्लीतून आमच्या भिंतीवरून डोकावल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "मास्टरसाब, तहसीलदारसाब के घर में हरकत है."

तहसीलदारसाहेब म्हणजे आमच्या दोघांच्या मधल्या घराचे मालक. नोकरी संपल्यावर कुलूप लावून हैदराबादला मुलाकडे गेलेले.

"अच्छा? जोरदार है क्या?"

"पहले हल्लू थी. अब जोर की है."

"साहेबांनी खुद की?"

"खुद है के कौन है, अल्ला जाने. मगरिब के बाद होती."

मगरिबनंतर, म्हणजे दिवेलागणीनंतर, कोणती कचेरी उघडी असते, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण मला वाटलं, मोठा माणूस आहे, त्याच्यासाठी उघडत असतील.

"तुम भी सुनो एक दिन," खाला म्हणाल्या.

"सुनावणीला जाणारच आहे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे जरा चमत्कारिक पाहिलं. मी घरात येऊन बायकोला सांगितलं, की ज्यानं जन्मभर लोकांच्या हरकती निकालात काढल्या त्यानंच हरकत घेतलीय, आता गल्लीला धक्का नाही. आणि माझा अर्धवट कागद फाडून टाकला.

दोन-चार दिवसांनी दिवेलागणीला मी साहेबांच्या दारात गेलो. आले असतील तर आभार मानावेत म्हणून. दाराला कुलूप तसंच, त्यावर कोळ्याचं जाळं. खिडकीच्या फुटक्या काचेतून पाहिलं, तर पुढची खोली रिकामी, नुसती फरशी. आतल्या खोलीतून मात्र कोणीतरी लोखंडी पलंग ओढत असल्याचा आवाज येत होता. थोडा ओढायचं, थांबायचं. पुन्हा थोडा.

"साहेब," मी म्हणालो, "हरकतीबद्दल आभारी आहे."

आवाज थांबला. माणूस कान देऊन ऐकतो तेव्हा जशी शांतता होते, तशी झाली. साहेब मागच्या दारानं येत-जात असतील आणि त्यांना भेटायचं नसेल, असं ठरवून मी परतलो. चालण्याचा वेग मात्र वाढला होता.

सुनावणीच्या दिवशी मी पुढच्या खुर्चीवर. सुनावणीच्या अधिकाऱ्यानं आमच्या गल्लीचं नाव घेतलं, आणि कारकून म्हणाला, "एकही हरकत नाही."

"तहसीलदारसाहेबांची आहे ना," मी उठून म्हणालो.

कारकुनानं चष्मा काढला. "साहेब हैदराबादला वारले. हे प्रकरण निघायच्या आधीच. मी त्यांच्या हाताखाली होतो, मातीला गेलो होतो."

मी तसाच उभा राहिलो. मागचा माणूस म्हणाला, "मास्तर, जरा बाजूला सरा, दिसत नाही." मी सवयीनं म्हणालो, "हरकत नाही." सगळी कचेरी हसली, आणि आमची पट्टी विद्यापीठाच्या रंगात गेली.

घरी आलो तर बायको आणि खाला साहेबांच्या खिडकीपाशी उभ्या. मी सगळं सांगितलं. खालांनी कपाळाला हात लावला. "हरकत बोले तो हिलना-डुलना, मास्टरसाब. तुम क्या समझे?"

बायकोनं मला खुणेनं जवळ बोलावलं. मी फुटक्या काचेतून पाहिलं. आतल्या खोलीतला पलंग आता पुढच्या खोलीत होता, थेट खिडकीला टेकलेला. त्या दिवशी मी बाहेर उभा होतो त्याच्या अगदी समोर. फरशीवर धूळ सगळीकडे सारखी, पायाचा ठसा कुठंच नव्हता.

आमच्या गच्चीवर बाटल्या किणकिणल्या. बायकोनं आधी पलंगाकडं पाहिलं, मग सळयांकडं, मग माझ्याकडं.

"बंद घरानं बी हालचाल केली," ती म्हणाली. "तुम्हीच तेवढी केली नाय."